दुसऱ्याच्या मापावरचा विश्वास : मंगळावर उतरण्याची पन्नास वर्षे

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद नावाचे एक गाव आहे. द्राक्षबागा आणि उसाच्या फडांमधून तिकडे जाताना दूरवर तारांच्या जाळीच्या मोठमोठ्या थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. एकेका थाळीचा व्यास ४५ मीटर आणि अशा एकूण ३० थाळ्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकणे हे तिचे रोजचे काम. परंतु १९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री साडेआठच्या सुमारास तिने निराळेच काहीतरी ऐकले. स्कियापारेली नावाचे एक यान मंगळाच्या वातावरणात शिरत होते आणि त्याचा अतिशय क्षीण आवाज खोडदला पोचत होता.

यान युरोपचे. ते अवकाशात नेणारे प्रोटॉन रॉकेट रशियाचे. नाव इटलीच्या एका जुन्या खगोलशास्त्रज्ञाचे. ऐकण्याच्या कामात सहकार्य अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे. आणि कान आपल्या जुन्नर तालुक्यातला. मंगळ त्या दिवशी सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होता, म्हणजे आवाज पोचायला जवळजवळ दहा मिनिटे लागत होती. यान वातावरणात शिरले, पॅराशूट उघडले, इथपर्यंत संदेश येत राहिला. मग, यान जमिनीवर टेकण्याच्या अपेक्षित वेळेआधी सुमारे ५० सेकंद, तो थांबला.

त्या ५० सेकंदांपाशी आपण परत येणार आहोत. त्याआधी एक खुलासा करतो. मी शास्त्रज्ञ नव्हे. गेली पस्तीसेक वर्षे बेळगावात होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा एक साधा डॉक्टर. या वर्षीच्या व्याख्यानासाठी विषय विचारला तेव्हा मी मंगळ म्हटल्यावर मंडळातल्या स्नेह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. पत्रिकेतला मंगळ असेल, असेच त्यांना वाटले असावे. पण मला बोलायचे आहे ते विश्वासाविषयी. ज्याची भाषा, देश आणि हेतू आपले नाहीत, अशा माणसाच्या मापावर आपला जीव टाकायचा, तो कशाच्या बळावर? हा प्रश्न मंगळावर उतरण्याच्या इतिहासात जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसतो. आणि आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेच्या शेजारात नांदणाऱ्या घरांना तो परका नाही.

शिगेची की सपाट?

माझ्या वडिलांचे रविवार पेठेत धान्याचे दुकान होते. मेट्रिक वजने १९५८ पासून देशात येऊ लागली, तरी खेड्यांतून येणारा शेतकरी कितीतरी वर्षे पायलीतच बोलत असे. आणि पायली म्हणजे काय, हे गावागणिक वेगळे. कुठे मापावर शीग लावायची, कुठे हात फिरवून ती सपाट करायची. दर ठरवण्यापूर्वी वडील एकच प्रश्न विचारत, “शिगेची की सपाट?” समोरच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. अनेक वर्षांच्या ओळखीच्या माणसालाही ते विचारत. ते म्हणत, “भांडण लबाडीने होतं त्यापेक्षा जास्त न विचारल्याने होतं.”

दवाखान्यात या वाक्याची मला एकदा चांगलीच आठवण झाली. मुलाकडे इंग्लंडला राहून आलेले एक आजोबा घरच्यांच्या घोळक्यात आले. सगळे घाबरलेले. तिकडच्या तपासणीत साखर अकरा निघाली होती. अकरा म्हणजे माणूस बेशुद्धच असायला हवा, आणि आजोबा तर खुर्चीत बसून चहा मागत होते. कागद पाहिला. तिथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये. अकराला अठराने गुणले की १९८. म्हणजे साखर कमी नव्हती, चांगली वाढलेली होती. घरचे तर त्यांना गूळपाणी पाजण्याच्या तयारीत होते. आकडा खरा, प्रयोगशाळा खरी, माणसे प्रेमाची. एककही छापलेले होते, फक्त बारीक अक्षरात. ते कुणी वाचले नव्हते.

आता मंगळाकडे वळू.

१९७१ : निरोप पोचला, पण उपयोग?

मंगळावर यान उतरवणे इतके अवघड का, हे आधी थोडक्यात सांगतो. तिथे वातावरण आहे, पण पृथ्वीच्या मानाने एक टक्क्याहूनही विरळ. ताशी वीसेक हजार किलोमीटर वेगाने आलेले यान घर्षणाने पेटावे इतके ते दाट, पण केवळ पॅराशूटने अलगद उतरावे इतके दाट नाही. म्हणून उष्णतेची ढाल, मग पॅराशूट, मग रॉकेटचे झोत किंवा हवेच्या पिशव्या, अशी सगळी साखळी सहा-सात मिनिटांत पार पाडावी लागते. संदेश पृथ्वीवर यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे इथल्या माणसाला मदत करता येत नाही. जे काही मोजायचे, विचारायचे, तपासायचे, ते सारे आधी.

१९७१ च्या नोव्हेंबरात मंगळावर धुळीचे प्रचंड वादळ होते. साऱ्या ग्रहाचा चेहराच झाकला गेला होता. अमेरिकेचे मरिनर ९ हे यान १४ नोव्हेंबरला मंगळाच्या कक्षेत पोचले. सोव्हिएत संघाची मार्स २ आणि मार्स ३ ही दोन याने मागोमाग येत होती. शीतयुद्धाचा तो काळ. तरीही त्याच वर्षी दोन्ही देशांत अवकाशविज्ञानाच्या माहितीची देवाणघेवाण करण्याचा समझोता झाला होता आणि कॅलिफोर्नियातली प्रयोगशाळा व सोव्हिएत केंद्र यांच्यात टेलिप्रिंटरची थेट तार जोडली गेली होती. एकाने पाहिलेले दुसऱ्याला कळावे, एवढाच हेतू.

पण दुर्दैव असे, की सोव्हिएत यानांचा कार्यक्रम निघतानाच ठरून गेला होता. वादळ आहे म्हणून थांबा, असे त्यांना सांगण्याची सोयच नव्हती. २७ नोव्हेंबरला मार्स २ चा लँडर कोसळला. मंगळाच्या भूमीला लागलेली ती मानवाची पहिली वस्तू. २ डिसेंबरला मार्स ३ चा लँडर मात्र सुखरूप टेकला. जगातला पहिला. त्याने चित्र पाठवायला सुरुवात केली आणि सुमारे वीस सेकंदांत तो कायमचा गप्प झाला. तिकडे मरिनरला नव्या आज्ञा देता येत होत्या. ते घिरट्या घालत राहिले, वादळ निवळल्यावर त्याने छायाचित्रे घेतली.

या प्रसंगाकडे मी डॉक्टरच्या नजरेने पाहतो. सहकार्य म्हणजे नुसता निरोप देणे नव्हे. निरोप मिळाल्यावर औषध बदलण्याची मोकळीक हातात नसेल, तर उत्तम निरोपही टेबलावर पडून राहतो.

पुढचा प्रसंग १९७४ चा. मार्स ६ हे सोव्हिएत यान उतरता उतरता बंद पडले. पण जाता जाता त्याच्या एका पंपाच्या विजेच्या नोंदीवरून असा अर्थ काढला गेला की मंगळाच्या हवेत चतुर्थांशाहून अधिक आर्गॉन वायू असावा. अमेरिकेचा व्हायकिंग तेव्हा तयारीत होता आणि एवढा आर्गॉन त्याच्या नाजूक उपकरणाला जड गेला असता. प्रतिस्पर्ध्याचा हा आकडा खोटा म्हणून फेकून देता आला असता, किंवा खरा मानून घाबरता आले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. तो गांभीर्याने घेतला, आणि २० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग १ खाली उतरत असतानाच हवेतले वायू मोजून घेतले. आर्गॉन निघाला दीड टक्क्याच्या आसपास. सोव्हिएत शास्त्रज्ञ खोटे बोलले नव्हते, त्यांच्या नोंदीचा अर्थ चुकला होता. दुसऱ्याच्या मापाला मान देणे आणि तरीही आपण मोजून पाहणे, यात विरोध नाही, हे मला इथे दिसते.

ज्याच्यासाठी दिवा लावला तो आलाच नाही

नव्वदीच्या दशकातली एक हकीगत मला फार आवडते. रशिया मंगळावर लहान स्थानके उतरवणार होता. त्यांचा आवाज मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने ऐकून पृथ्वीकडे पाठवायचा होता. त्यासाठी फ्रान्सने एक रेडिओसंच बनवला आणि तो बसवला अमेरिकेच्या मार्स ऑब्झर्व्हर यानावर. तीन देशांचे हे काम. ऑगस्ट १९९३ मध्ये मंगळाच्या उंबरठ्यावर त्या यानाशी संपर्क तुटला. पुन्हा तसाच संच मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानावर बसवला. ते नोव्हेंबर १९९६ मध्ये निघाले. त्याच महिन्यात, १६ तारखेला, रशियाचे मार्स ९६ निघाले. त्यावर अनेक देशांची उपकरणे होती. रॉकेटच्या शेवटच्या टप्प्याने दगा दिला आणि ते पृथ्वीवरच परत पडले.

म्हणजे फ्रेंच संच मंगळाभोवती फिरतो आहे आणि ज्यांच्यासाठी तो पाठवला ती रशियन स्थानके पृथ्वीवरच पडलेली. आपल्याकडे अशा वेळी ‘पाहुण्यासाठी पान वाढले आणि पाहुणाच आला नाही’ म्हणतात. पण पान वाया गेले नाही. जानेवारी २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या अमेरिकी शोधगाड्या हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या अवस्थेत मंगळावर उसळत उतरल्या, तेव्हा त्यांचा आवाज ऐकणाऱ्यांत हाच फ्रेंच संच होता. त्या गाड्यांच्या हातावर खडकातले लोह ओळखणारे उपकरण होते, ते जर्मनीतल्या माइन्झचे.

त्याच फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट घडली. कॅलिफोर्नियातून स्पिरिटसाठी निघालेल्या आज्ञा जर्मनीतल्या डार्मश्टाट केंद्रात गेल्या, तिथून युरोपच्या मार्स एक्सप्रेस या यानाकडे, आणि त्याने त्या खाली शोधगाडीला सांगितल्या. उत्तर त्याच वाटेने परत आले. परक्या ग्रहावर दोन वेगळ्या संस्थांची याने एकमेकांशी बोलली, ती पहिल्यांदा. हे ऐनवेळच्या हुशारीने झाले नाही. यानांनी एकमेकांशी कोणत्या शिस्तीने बोलावे, कोण आधी बोलेल, ऐकू आले हे कसे कळवेल, चुकलेला शब्द पुन्हा कसा मागेल, याचे नियम आधीच लिहून ठेवलेले होते. १९८२ पासून जगातल्या अवकाशसंस्था एकत्र बसून असे नियम ठरवत आल्या आहेत, आणि त्यांत आपली इस्रोही आहे. ते कागद अत्यंत कंटाळवाणे असतात. पण ‘शिगेची की सपाट’ हा प्रश्न त्यांत शेकडो पानांवर, शांतपणे विचारलेला असतो.

एकाच घरातली चूक

याच्या उलट उदाहरण १९९९ चे. मार्स क्लायमेट ऑर्बिटर या अमेरिकी यानाला मंगळाभोवती फिरायचे होते आणि मागून येणाऱ्या लँडरचा आवाजही पुढे पोचवायचा होता. प्रवासात यानाचे लहान झोत अधूनमधून चालत. प्रत्येक वेळी यानाला किती धक्का बसला, याचा हिशेब यान बनवणारी लॉकहीड मार्टिन कंपनी मार्ग आखणाऱ्या प्रयोगशाळेला पाठवत असे. करारात माप न्यूटनमध्ये ठरले होते. कंपनीचा संगणक-कार्यक्रम पौंडात मोजत होता. एक पौंड म्हणजे ४.४५ न्यूटन. एवढ्या पटीची चूक प्रत्येक नोंदीत होत राहिली. २३ सप्टेंबरला यान मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे, ते सुमारे ५७ किलोमीटरवरून गेले आणि वातावरणात नष्ट झाले.

लक्षात घ्या, इथे दोन देश नव्हते. भाषा एक, सरकार एक. कुणी कुणाचा शत्रू नव्हता. मार्गाचा हिशेब किंचित बिघडतो आहे, असे काही जणांना प्रवासातच जाणवले होते. पण ती शंका ठरलेल्या वाटेने, लेखी, वरपर्यंत गेली नाही. परक्याला आपण दहा प्रश्न विचारतो. आपल्या माणसाला विचारायला संकोचतो, किंवा गरजच वाटत नाही. रशियाच्या रेडिओची चिंता करणारी माणसे स्वतःच्या घरातला पौंड विसरली.

या अपघाताचा चौकशी अहवाल मात्र काही आठवड्यांत जगापुढे आला, कुणीही वाचावा असा. आम्हा जैनांच्या घरी दशलक्षण पर्व संपले की क्षमावाणीच्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. लहानपणापासून मी ती मागत आलो आहे आणि प्रामाणिकपणे सांगतो, ते सोपे असते, कारण ‘कळत नकळत जे झाले असेल ते’ एवढ्यावर भागते. कोणती चूक, कुठल्या दिवशी, कशामुळे, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, हे लिहून देणे फार कठीण. तांत्रिक विश्वास या दुसऱ्या प्रकारच्या क्षमेवर उभा असतो.

डिसेंबर २०१५ मध्ये याची परीक्षा झाली. इनसाइट हे यान मंगळाचे अंतरंग ऐकायला निघणार होते. त्याचा प्राण म्हणजे फ्रान्सच्या अवकाशसंस्थेने सिद्ध केलेला भूकंपमापक. तो इतका नाजूक, की निर्वात गोळ्यात ठेवावा लागे. उड्डाण तीन महिन्यांवर आले असताना त्या गोळ्याला बारीक गळती आढळली. मंगळाकडे जाण्याची वेळ सव्वीस महिन्यांतून एकदा येते. म्हणजे उशीर करायचा तर दोन वर्षांचा. गळती लपवता आली नसती. पण ‘बघू, चालेल’ म्हणता आले असते. तसे कुणी म्हटले नाही. उड्डाण रद्द झाले. अमेरिकेने फ्रान्सला दूर सारले नाही. निर्वात कवच नव्याने बनवण्याचे काम त्यांच्या प्रयोगशाळेने घेतले आणि उपकरण जुळवण्याचे काम फ्रान्सकडेच राहिले. मे २०१८ मध्ये यान निघाले, २६ नोव्हेंबरला उतरले, आणि पुढच्या चार वर्षांत त्याने तेराशेहून अधिक मंगळकंप नोंदवले.

ते ५० सेकंद

आता खोडदच्या रात्रीकडे परत येऊ. स्कियापारेली का गप्प झाले?

पॅराशूट उघडल्यावर यान अपेक्षेपेक्षा जास्त जोरात हेलकावले. यान किती वेगाने फिरते आहे हे मोजणारे उपकरण साधारण एक सेकंदभर आपल्या मोजण्याच्या कमाल मर्यादेला जाऊन अडकले. संगणकाने ते माप खरे मानून हिशेब केला आणि निष्कर्ष काढला, की यान जमिनीच्या खाली पोचले आहे. खाली! प्रत्यक्षात ते साडेतीन किलोमीटरहून अधिक उंचीवर होते. पण संगणकाच्या दृष्टीने उतरणे संपले होते. त्याने पॅराशूट सोडले, तीस सेकंद चालायचे झोत तीनच सेकंदांत बंद केले. यान दगडासारखे पडले आणि ताशी सुमारे ५४० किलोमीटर वेगाने आदळले.

संगणकाने त्या एका उपकरणावर पूर्ण विश्वास टाकला होता. उंची उणे कशी येईल, असा साधा प्रश्न त्याला कुणी शिकवला नव्हता. ‘शिगेची की सपाट’ तिथे विचारले गेले नाही.

परंतु सगळे कळले कसे, हे पाहा. खोडदच्या थाळ्यांनी आवाज कधी थांबला ते सांगितले. युरोपच्या मार्स एक्सप्रेसने तोच आवाज मंगळाजवळून नोंदला. स्कियापारेलीला घेऊन गेलेल्या ट्रेस गॅस ऑर्बिटर या यानाने, स्वतः त्याच वेळी कक्षेत शिरत असताना, खालून आलेली माहिती साठवून ठेवली. आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या यानाने वरून छायाचित्र घेतले, त्यात कोसळल्याचा काळा डाग आणि पांढरे पॅराशूट दिसले. चार ठिकाणच्या साक्षी जुळवून कारण सापडले आणि अहवाल प्रसिद्ध झाला.

ब्रिटनच्या बीगल २ ची गोष्टही अशीच. २००३ च्या नाताळला तो मंगळावर उतरला आणि त्याचा एक शब्दही आला नाही. तो घडवणारे प्राध्यापक कॉलिन पिलिंजर लोकांच्या टीकेचे धनी झाले. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकी यानाच्या छायाचित्रांत तो सापडला. सुखरूप उतरलेला. सौरपट्ट्यांच्या सगळ्या पाकळ्या उघडल्या नव्हत्या आणि त्यांच्याखाली अँटेना दबून राहिली होती. पिलिंजर आदल्या वर्षीच्या मे महिन्यात वारले होते. अकरा वर्षे ज्याला अपयश म्हणत होते ते जवळजवळ यश होते, हे परक्याच्या डोळ्याने सांगितले. सांगायला थोडा उशीर झाला.

तुटते तेव्हा काय उरते

हे सगळे ऐकून कुणाला वाटेल, विज्ञानात सारे गोडच असते. तसे नाही. ज्या मोहिमेत स्कियापारेली होते तिची सुरुवात युरोप आणि अमेरिका यांनी मिळून केली होती. २०१२ मध्ये पैशांच्या अडचणीमुळे अमेरिका बाहेर पडली. रशिया आत आला. रोझालिंड फ्रँकलिन नावाची युरोपची शोधगाडी रशियाने बनवलेल्या मंचावरून मंगळावर उतरायची होती आणि २०२२ मध्ये निघायची होती. त्या फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध पेटले. १७ मार्चला युरोपने सहकार्य थांबवले, जुलैमध्ये ते संपवले. तयार शोधगाडी पेटीत राहिली. दोन्हीकडच्या अनेकांची वर्षानुवर्षांची मेहनत तिच्यात होती. २०२४ मध्ये उतरण्याच्या झोतांची इंजिने, उष्णता देणारे संच आणि रॉकेट देण्याचा करार अमेरिकेने युरोपशी केला. म्हणजे बारा वर्षांनी वर्तुळ पूर्ण झाले. सारे ठरल्याप्रमाणे झाले तर ती २०२८ मध्ये निघेल.

या तुटण्याला मी बरे-वाईट म्हणत नाही. युद्धापुढे यान मोठे नसते. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ट्रेस गॅस ऑर्बिटर मंगळाभोवती फिरतच राहिला. यान युरोपचे, त्यावरची काही उपकरणे रशियन, रेडिओ अमेरिकी. अमेरिकेच्या शोधगाड्यांच्या माहितीचा मोठा वाटा तोच पृथ्वीवर पोचवत राहिला. करार खाली पृथ्वीवर फाटला, वर नियम तसेच चालू राहिले.

अमेरिका आणि चीन यांचेही तेच. २०११ पासूनच्या अमेरिकी कायद्याने नासाला चीनशी थेट सहकार्य करण्यास मनाई आहे, खास परवानगीशिवाय. तरी २०२१ च्या सुरुवातीला चीनचे यान मंगळाच्या कक्षेत आल्यावर दोघांनी आपापल्या यानांच्या मार्गाची माहिती एकमेकांना दिली, टक्कर होऊ नये म्हणून. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चीनच्या झुरोंग या शोधगाडीने युरोपच्या मार्स एक्सप्रेसकडे हाक मारून पाहिली. झुरोंगला त्या यानाचे उत्तर ऐकू येणार नव्हते, कारण दोघांच्या लहरी जुळत नव्हत्या. ती आंधळेपणाने बोलली. वरच्याने ऐकले, आणि निरोप चीनला पोचवला.

शेवटची हकीगत सांगतो आणि थांबतो.

४ मे २०२२ रोजी इनसाइटच्या त्या फ्रेंच भूकंपमापकाने आजवरचा सर्वांत मोठा मंगळकंप नोंदवला. तीव्रता ४.७. मोठी उल्का आदळली की जमिनीच्या पोटातच काही हलले, हा प्रश्न होता. उल्का असेल तर ताजा खड्डा दिसायला हवा. पण मंगळाची जमीन जवळजवळ पृथ्वीच्या सगळ्या कोरड्या भूमीइतकी. कोण शोधणार? ऑक्सफर्डमधल्या एका तरुण शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने मंगळाभोवतीच्या साऱ्या यानांच्या धन्यांना विचारले गेले. अमेरिका, युरोप, चीन, संयुक्त अरब अमिराती, आणि मंगळयानामुळे आपला भारत. सर्वांनी आपापली चित्रे धुंडाळली. मंगळाभोवतीच्या सर्व मोहिमा एका प्रश्नासाठी एकत्र आल्या, ही पहिलीच वेळ.

खड्डा सापडला नाही. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की हालचाल जमिनीच्या आतलीच होती. वाचकहो, ‘सापडला नाही’ हे उत्तर किती विश्वास मागते पाहा. सापडला असे एकाने म्हटले तर चित्र दाखवता येते. सापडला नाही म्हणायचे, तर प्रत्येकाने आपला वाटा मनापासून शोधला असे सर्वांनी मानावे लागते. आणि हे घडले त्याच वर्षी, ज्या वर्षी खाली युद्ध चालू होते आणि एक तयार शोधगाडी पेटीत बंद झाली होती.

आपण सीमेवरची माणसे. आपल्या घरात मराठी, दारात कन्नड, बाजारात आणखी दोन भाषा. मोठे प्रश्न सुटायचे तेव्हा सुटतील. ते कुणा एकाच्या हातात नाहीत. पण रोजचा व्यवहार त्यांच्यासाठी थांबत नाही, आणि थांबू नये. वडिलांच्या दुकानात कानडी मुलखातला शेतकरी यायचा, तेव्हा दोघांना एकमेकांची भाषा धड येत नसे. वडील पायली पुढे ठेवत, मापावरून तळहात फिरवत आणि भुवया उंचावत. शेतकरी हसून मान हलवे, किंवा बोटांनी शीग दाखवे. मग धान्य ओतले जाई.

खोडदला पुन्हा कधी गेलात तर त्या थाळ्यांकडे क्षणभर थांबून पाहा. त्या रात्री त्यांनी जे ऐकले ते आपले नव्हते, आणि ते अर्ध्यात तुटले. तरी जेवढे ऐकू आले तेवढे त्यांनी जसेच्या तसे कळवले.